टाचेवरचा भार

टाच दुखते असं एखाद्या बाईने सांगितलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. 'वयोमानाने व्हायचंच, चालवून घ्यायचं' हे एक. 'पुरे झाली आता धावपळ, जरा पाय वर घेऊन बस' हे दुसरं. पहिलं सोसायला सांगतं, दुसरं थांबायला. दोन्ही मायेपोटीच दिली जातात आणि दोन्हींनी टाच बरी होत नाही. शॉकवेव्हचे उपचार घेऊन पुन्हा हिंडाफिरायला लागले तेव्हा मला या दोहोंच्या मधली एक वाट मिळाली. ती माझ्या आईला, मावशीला, माझ्या शाळेतल्या जुन्या बाईंना कुणी दाखवली असती तर त्यांची उतारवयातली कितीतरी वर्षं चालती राहिली असती, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी कळंबोलीत राहते आणि इथल्याच एका शाळेत शिकवते. सिडकोने बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत आमचं घर. शाळेत लागोपाठ तास असले की दुपारपर्यंत फळ्यापुढे उभं राहायचं, घरी आलं की ओट्यापुढे. घरात चप्पल घालायची नाही ही आमच्याकडची रीत, त्यामुळे गुळगुळीत फरशीवर अनवाणी. बाहेर पडावं तर पेव्हर ब्लॉक, काँक्रीट आणि डांबर. आमच्या गावाला पायाखाली मऊ असं फारसं काही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथून सुरू होतो, शीव-पनवेल महामार्ग शेजारून जातो, आणि या सगळ्याच्या कुशीत लोखंड-पोलादाचा बाजार आहे. मुंबईतल्या कर्नाक बंदर आणि दारूखाना भागातली लोखंडाची गर्दी कमी व्हावी म्हणून सिडकोने तो इथे वसवला. साहजिकच इथे उभ्याने पोट भरणारी माणसं जास्त. माथाडी, क्लीनर, सर्कलवर शिट्टी घेऊन उभे असलेले वाहतूक पोलीस, टोपली उतरवून दिवसभर उकिडव्या बसणाऱ्या भाजीवाल्या, पुण्याच्या गाडीची वाट बघत ताटकळणारे प्रवासी. यांतल्या किती जणांच्या टाचा दुखत असतील हा विचार माझी टाच दुखायला लागेपर्यंत मनात आला नव्हता. आता रस्त्याने जाताना माझी नजर आधी माणसांच्या चालीवर जाते. सकाळी दूध आणायला निघालेली एखादी बाई पहिली काही पावलं चवड्यावर टाकते आणि मग हळूहळू टाच टेकवते. तिला काय होतंय ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

कारण या दुखण्याची ओळख पहिल्या पावलातच आहे. रात्रभर पाय विश्रांतीत असतात, सकाळी पलंगावरून उतरून टाच टेकवली की खिळा घुसावा तशी कळ येते. दहा-वीस पावलं चाललं की ती ओसरते, दिवसभर कामात विसरायला होतं, आणि संध्याकाळी जरा बसून उठलं की पुन्हा तीच. तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान त्याच्या जोरावर उभी असते. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, पट्टा ताणला जातो आणि कमान उंचावून पाय क्षणभर टणक होतो, म्हणून आपण पुढे ढकलले जातो. ब्रिटिश शल्यविशारद जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली ही रचना उलगडून दाखवली. पावलागणिक हे घडतं, आणि चालताना दर पावलाला शरीराच्या वजनाहून थोडा जास्तच भार पायावर येतो. धावताना तो दोन-तीन पटींवर जातो. एवढं काम करणाऱ्या पट्ट्याची टाचेजवळची मुळं झिजली, त्यातले तंतू विस्कटले, की हे दुखणं सुरू होतं.

वर्षानुवर्षं या दुखण्याला सूज समजून औषधं दिली गेली. २००३ साली अमेरिकेत हार्वे लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० रुग्णांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा त्यात सुजेच्या खुणा सापडल्या नाहीत. सापडली ती झीज. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. सूज असेल तर शांत बसणं शहाणपणाचं. झीज असेल तर त्या जागी नवं काहीतरी उभं राहायला हवं, आणि ते नुसतं बसून राहून उभं राहत नाही.

अर्थात एवढं समजेपर्यंत घरगुती आणि बाजारातले सगळे उपाय होऊन गेले होते. सिलिकॉनचे टाचपॅड, मऊ चप्पल, पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तिच्यावर तळपाय फिरवणं. एक्स-रेत टाचेखाली काट्यासारखं टोक दिसलं आणि 'हाड वाढलंय' हे वाक्य आमच्या जिन्यात वरपासून खालपर्यंत पोचलं. असं टोक कधीही टाच न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेतही असतं आणि दुखणं बरं झालं तरी ते तसंच राहतं, हे मला फार उशिरा कळलं. लोक त्या टोकाला घाबरतात आणि चालणं सोडतात. हे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

खालच्या मजल्यावरच्या अण्णांनी वीट आणि रुईचं पान सुचवलं. अण्णा सातारा जिल्ह्यातले. लोखंड बाजारात माथाडी म्हणून त्यांनी हयात काढली, खांद्यावरून सळ्या वाहिल्या. 'इटकर तापवा, तिच्यावर रुईचं पान ठेवा आन् त्याच्यावर टाच. चीक तेवढा डोळ्यात जाऊ देऊ नका बाई.' शेक बरा वाटायचा, तो मी अजूनही कधीमधी घेते. टाचेचं हे दुखणं काही आजकालचं नाही. सुश्रुतसंहितेत ते वातकंटक या नावाने येतं आणि पाऊल वेडंवाकडं पडणं हे त्याचं कारण सांगितलं आहे. पण अण्णांनी शेकाच्या पुढे जाऊन आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त मोलाची वाटते. मी विचारलं, 'अण्णा, तुम्ही वारीला एवढं चालता, तुमची टाच दुखत नाही?' म्हणाले, 'दुखती की. पर बसून उठल्यावर ज्यास्त. चालत्या पायाला कळ नसती.' आळंदीहून पालखीबरोबर निघायचं, पुण्याच्या मुक्कामानंतर दिवे घाट चढून सासवड गाठायचं, हा टप्पा ते ज्या वयात चालतात त्या वयात आपण माणसाला बाकावर बसवून ठेवतो.

उपचार घ्यायचं ठरलं ते सहा महिने उलटून गेल्यावर. शॉकवेव्ह म्हणजे आघातलहरी, त्या बहुधा तेव्हाच सुचवतात, साधे उपाय पुरे पडले नाहीत की. या लहरींची गोष्ट मला वर्गात सांगायला आवडते. जर्मनीत डॉर्निअर ही विमानं बनवणारी कंपनी. ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूला खड्डे का पडतात, याचा तिथे अभ्यास चालला होता. त्यातून आघातलहरी पाण्यातून आणि शरीरातून कशा जातात हे उमगत गेलं, आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोट न फाडता बाहेरून लहरी सोडून एका रुग्णाचा मुतखडा फोडला. पुढे न सांधणारी हाडं, खांदा, कोपर आणि टाच अशी ती विद्या सरकत गेली. टाचेच्या या दुखण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली तिला मान्यता दिली. मुतखड्यात लहरींचं काम फोडण्याचं. टाचेत काही फोडायचं नसतं. थकून, कंटाळून दुरुस्ती अर्धवट सोडलेल्या जागेला पुन्हा जाग आणायची, तिथे रक्त खेळवायचं आणि दुखरी नस शांत करायची, असा हिशेब असतो.

प्रत्यक्षात ते असं होतं. पालथं झोपायचं, पाऊल पलंगाच्या कडेबाहेर. फिजिओथेरपिस्ट मुलगी अंगठ्याने टाच चाचपते आणि नेमक्या जागी दाबते, तिथे आपला श्वास अडकतो. तिथे पेनाने खूण. थंडगार जेल. मग हातातल्या यंत्राचं गोल टोक टेकवलं जातं आणि कॉम्प्रेसरच्या घरघरीवर 'टक् टक् टक् टक्' सुरू होतं. दाबलेल्या हवेने आतली एक छोटी पोलादी गोळी पुढे आपटते आणि तो आघात कातडीतून आत उतरतो. पडद्यावर आकडा चढत जातो. साधारण २००० ठोक्यांचा एक हप्ता, आठवड्याला एक, असे तीन ते पाच. भूल देत नाहीत, कारण दुखरी जागा कुठे सरकली हे आपणच सांगायचं असतं. 'काकू, दहापैकी किती?' 'सात.' 'थोडं कमी करते.' शंभर-दोनशे ठोक्यांनंतर ती जागा बधिर होत जाते आणि बोलायला सुचतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या या काळात घ्यायच्या नाहीत, कारण शरीराने जे काम सुरू करावं म्हणून एवढा खटाटोप, तेच त्या गोळ्या दाबतात. लगेच काही दिसत नाही. फरक पडायला दहा-बारा आठवडे लागू शकतात, आणि सगळ्यांनाच सारखा गुण येतो असंही नाही. हे तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

पण मला सांगायचं आहे ते यानंतरचं. यंत्र बाजूला ठेवून ती समोर स्टूल ओढून बसली आणि विचारलं, 'काकू, तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवंय?'

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. काय दुखतं, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं हे सगळ्यांनी विचारलं होतं. मी म्हणाले, 'फुगडी.' श्रावणात आमच्या इमारतीतल्या बायका मंगळागौर जागवतात. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, पहाटेपर्यंत खेळ. त्या वर्षी मी खुर्चीवर बसून गाणी म्हटली होती. मुली मला हात धरून ओढायला येत नव्हत्या. कुणीतरी त्यांना 'बाईंचा पाय दुखतो' असं बजावून ठेवलं होतं. दुखण्याने माणूस खेळातून वजा होतो तो असा, कुणीही दुष्टपणा न करता. फिजिओथेरपिस्टने 'फुगडी' असं कागदावर लिहिलं आणि त्याखाली उलट्या क्रमाने पायऱ्या काढल्या. फुगडीच्या आधी जागच्या जागी हलक्या उड्या. उड्यांच्या आधी झपझप चालणं आणि जिने. त्याच्या आधी सपाटीवर चालणं. आणि सगळ्यात खाली एक घट्ट गुंडाळलेला टॉवेल.

टॉवेलचा व्यायाम डेन्मार्कचा. मायकेल रॅथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांवर केलेलं काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. एका गटाला पट्टा ताणण्याचा नेहमीचा व्यायाम दिला, दुसऱ्याला ताकदीचा. तीन महिन्यांनी ताकदीवाल्यांचा पाय बराच पुढे होता. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळजवळ बरोबरीला आले, हेही खरं. पण ज्याला चालायचं आहे त्याला ते मधले महिने काही थोडे नसतात. व्यायाम असा: जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी म्हणजे बोटं वर वळलेली राहतील, टाचा हवेत. एका पायावर सावकाश वर जायचं, तीन मोजेपर्यंत. वर दोन मोजेपर्यंत थांबायचं. तीन मोजत खाली, टाच पायरीच्या पातळीखाली जाऊ द्यायची. एक दिवसाआड. जमायला लागलं की पाठीवर वजन घ्यायचं.

आमच्या जिन्यात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर मी तो करायचे, कठड्याला हात लावून, पाठीवर दप्तर. दप्तरात आधी आठवीच्या वह्या, मग जुने दिवाळी अंक, मग दोन्ही. कचरेवाला, गॅसवाला, क्लासला जाणारी मुलं बाजूने वाट काढायची. 'कुणाची वाट बघताय का बाई?' असं विचारून कुणी पुढे जायचं. वर जाताना पोटरी थरथरायची आणि टाचेखालचा तो पट्टा ताणला गेलेला स्पष्ट जाणवायचा. दुखायचं. मात्र हे दुखणं सकाळच्या कळेहून वेगळं, पसरट आणि बोथट होतं. ते ओळखायला शिकणं हा या सगळ्या काळातला सर्वांत अवघड धडा, कारण तोवर माझ्या लेखी सगळं दुखणं एकाच जातीचं होतं आणि त्यापासून पळायचं एवढंच ठाऊक होतं.

फिजिओथेरपिस्टने नियम घालून दिला. दुखणं शून्य व्हायची वाट बघायची नाही. व्यायाम करताना, चालताना दहापैकी तीनपर्यंत चालेल. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा. पहिलं पाऊल कालच्याइतकंच किंवा कमी दुखलं तर कालचा भार मानवला. जास्त दुखलं तर एक पायरी खाली, पण थांबायचं नाही. आमच्या लोखंड बाजारात कॉइल न्यायला आलेला ट्रेलर आधी रिकामा वजनकाट्यावर जातो आणि माल भरून पुन्हा जातो. नुसत्या अंदाजावर कुणी गाडी महामार्गाला लावत नाही. माझा काटा रोज पहाटे पलंगाशेजारी असायचा. त्याच्यावरचा आकडा वाचायला शिकल्यावर भीती ओसरायला लागली. भीती ही या आजाराची मोठी शिल्लक असते. टाच बरी होऊ लागते तरी पाय तिच्यावर विश्वास टाकत नाही, चाल तिरकी राहते, आणि मग गुडघा, कंबर दुखायला लागते.

भार मोजून घेण्याची गोष्ट अण्णांना सांगितली तर त्यांना नवल वाटलं नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला १९६९चा माथाडी कायदा त्यांच्या पिढीने जगलेला. पुढे बाजारात पन्नास किलोंहून जड गोणी उचलणार नाही असा माथाडींनी आग्रह धरला, त्याबद्दल ते अजून अभिमानाने बोलतात. काम नको असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. वजन ठरलेलं असावं, एवढंच होतं. घरातल्या बाईच्या वाट्याचं वजन असं कुणी ठरवलेलं नाही. तिने ओट्यापुढे किती तास उभं राहावं, पाण्याचा हंडा कितवा मजला चढवावा, याला मर्यादा नाही, आणि दुखायला लागलं की एकदम सगळंच बंद. मला यातला अन्याय त्या जिन्यात उभी असताना दिसला.

चालायला मी रोडपालीच्या तळ्याकडे जायचे. उन्हं चढायच्या आत तिथे बरी गर्दी असते. आधी तळ्याच्या एका बाजूने जाऊन परत, मग थोडं जास्त, मग पूर्ण फेरी. बुटाची टाच किंचित उंच, तळवा फार मऊ नाही असा बूट फिजिओथेरपिस्टने निवडून दिला होता. घरातही आता मी चप्पल घालते, सासूबाईंनी स्वतःहून 'घाल गं' म्हटलं. जिथे ब्लॉक उखडलेले तिथे कडेच्या मातीवरून. महापालिकेकडे माझं एकच मागणं आहे: तळ्याभोवती, बागांभोवती मातीची एखादी पट्टी तरी मोकळी ठेवा. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हापासून आमच्या भागात सुशोभीकरणाची कामं झाली, दिवे आले, बाकडी आली. पण सुशोभीकरण म्हणजे दरवेळी ब्लॉक बसवणंच असं का व्हावं? म्हातारी माणसं, गरोदर बायका, माझ्यासारख्या दुखऱ्या टाचेच्या, सगळ्यांना माती लागते.

पावसाळा आला तेव्हा मी तळ्याभोवती झपझप चालू शकत होते. श्रावणात झिम्म्यात उतरले. झिम्मा उड्यांचाच खेळ, पण ताल सांभाळून हलका खेळता येतो. फुगडी एकच घातली, शेजारच्या सूनबाईंबरोबर, छोटी, सावकाश घेतलेली. तळपाय फरशीला घासत गरगर फिरताना दोघींची पावलं एकमेकींना भिडली, हात ताणले गेले आणि अंगाचा सगळा भार मागे गेला, म्हणजे टाचांवर. तो टाचांनी पेलला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय खाली सोडताना मी नेहमीसारखाच अंदाज घेतला. जरा जड होतं, दहापैकी दोन. फिजिओथेरपिस्टला फोन केला तर तिला माझ्याहून आनंद झाला, आणि लगेच म्हणाली, 'पुढच्या आठवड्यापर्यंत दुसरी नको.'

आता हिवाळ्यात आमच्या शिक्षकांची सहल कर्नाळ्याला जाणार आहे. वाटेत शिरढोणला थांबायचं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव मुलांना शिकवतो पण बऱ्याच शिक्षकांनीच पाहिलेलं नाही. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. मग अभयारण्यातून वर, सुळक्याच्या पायथ्यापर्यंत. चढ मला मानवेल असं फिजिओथेरपिस्टचं मत आहे. उतरताना पायऱ्या आणि दगड सावकाश, काठी घेऊन, आणि गरज वाटली तर अर्ध्यातून परत यायची तयारी ठेवून. यादीत माझं नाव घातलं आहे. काठी अण्णांची, वारीतली, ती त्यांनी आत्ताच आणून दारामागे ठेवली आहे, आणि जिन्यातला व्यायाम सहलीपर्यंत चुकवायचा नाही अशी अटही घातली आहे.